पाळक म्हटलं, पाळणा झाला

दौलत घाटविसावेने आजवर भिवंडीच्या नारपोलीतल्या इतक्या लोकांना येडं बनवलं होतं, की उद्या खरोखर आग लागली आणि त्याने बोंब मारली, तर गल्ली आधी त्याच्या तोंडाकडे बघेल आणि मग धुराकडे. याचा त्याला अभिमान होता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने मिरवावं असं दुसरं त्याच्याकडे काही नव्हतंच म्हणा. डोक्यावर केस नव्हते, सुतारकामाच्या दुकानावर पाटी नव्हती. पोट मात्र असं, की मागल्या नाताळच्या नाटुकल्यात तो येशूचा बाप योसेफ झाला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने विचारलं होतं, "दिवस कुणाला गेलेत म्हणायचे, तिला का याला?"

त्याच नाटुकल्यात गाढव म्हणून त्याने शेजारच्या लूमवाल्याचा, बकरी ईदसाठी आणून बांधलेला बकरा उभा केला होता. भिवंडीत डिसेंबरात गाढव मिळत नाही, बकरे मिळतात. बकऱ्याने ऐन गाण्यात पूर्वेच्या ताऱ्याची चंदेरी शेपटी खाऊन टाकली. मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागून येणारे ज्ञानी, पूर्वेकडून निघाले ते थेट हॉलच्या मोरीत गेले.

त्यामुळे दोन हजार सहा सालच्या नोव्हेंबरअखेर नवे पाळकसाहेब घरालगतच्या दुकानात येऊन उभे राहिले, तेव्हा दौलतला वाटलं, झालं, यंदा नाटुकल्यात आपल्याला दारवानाचं कामसुद्धा मिळत नाही.

पाळकसाहेब म्हणजे रेव्हरंड चांगदेव शिनगारे. नगरकडचे, काटकुळे. स्कूटरवरून उतरले तरी हेल्मेट काढायला विसरणारे. नाक्यामागच्या हॉलात दर रविवारी वीस-बावीस मराठी ख्रिस्ती घरं उपासनेला जमायची, त्यांचे हे नवे मेंढपाळ.

"सलाम दौलतराव! एक गव्हाणी करून द्या."

"गव्हाणी? गुरं पाळताय काय साहेब?"

"आगमनकाळ येतोय ना. नाताळाआधीचे चार रविवार, वाट बघायचे. पहिला रविवार आशेचा. त्या दिवशी हॉलात पुढं गव्हाणी मांडायची. रिकामी. बाळ येशूला त्यात ठेवायचं ते नाताळलाच. तुम्ही सुतार, योसेफाच्या धंद्यातले, म्हणून तुमच्याकडे आलो."

"त्या योसेफाचं नाव काढू नका साहेब. एवढा सुतार माणूस, आणि घरच्या पोराला गुरांच्या गव्हाणीत झोपवलं! साधा पाळणा जमला नाही? धंद्याचं नाव खराब केलं त्याने."

"अहो, प्रवासात होता बिचारा."

"मग सुताराने प्रवासात रंधा न्यायचा नाही?"

आधीचे पाळक असते तर त्यांनी यावर शास्त्रातलं एखादं वचन तोंडावर मारलं असतं. हे गृहस्थ हेल्मेटमध्ये हसले. दौलतला ते आवडलं नाही. आपल्या मस्करीवर पाळकच हसायला लागला, तर मस्करी करायची कशासाठी?

पण काम घेतलं. घरात बसण्यापेक्षा अंगणात ठोकाठोक केलेली बरी, असे ते दिवस होते.

घरात विनिता होती. दौलतची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन कल्याणला दिलेली, आता आठवा सरत आलेला म्हणून माहेरी आणलेली. ही तिची तिसरी खेप. आधीच्या दोन खेपांना पाचव्या-सहाव्यातच सगळं संपलं होतं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सगळं ठीक आहे, फक्त आराम करा. पण 'सगळं ठीक आहे' हे मागच्या दोन्ही वेळांना पण सांगितलंच होतं की.

म्हणून घरात आता एक शब्द बंद होता. बाळ. कमळा, म्हणजे दौलतची बायको, 'तब्येत' म्हणायची. जावई दीपेश रोज फोन करून 'बाकी काय' असं विचारायचा. दौलत, ज्याच्या जिभेने मयताच्या घरीसुद्धा सुट्टी घेतली नव्हती, तो या बाबतीत काहीच म्हणायचा नाही. आणि घरात कसलीही तयारी नव्हती. दुपटं नाही, टोपडं नाही, तीट-काजळाची डबी नाही. बाळाचं काही बाळाच्या आधी आणायचं नसतं, ही रीत. कमळाच्या आईची, तिच्या आईची. बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या तरी रीत काही पाण्यात धुऊन गेली नव्हती.

पहिल्या खेपेला दौलत या रितीला हसला होता आणि बाजारातून लाल-पिवळा खुळखुळा घेऊन आला होता. घरभर वाजवत फिरला होता. पुढं जे झालं त्याचा खुळखुळ्याशी काही संबंध नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टी माणसाला पहाटे का आठवतात, ते मात्र ठाऊक नव्हतं.

असो. त्याने वळ गावच्या गोडाऊनवाल्यांकडून पॅकिंगच्या फळ्या आणल्या आणि अंगणात गव्हाणी करायला बसला.

आता नारपोलीतलं ऐकणं काय चीज आहे ते सांगायला हवं. दौलतच्या घरासमोर लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, मागे लूमचा कारखाना, डाव्या अंगाला तर भिंतीला भिंत लागून. खटाखट, खटाखट, दिवसभर. लोक बोलत नाहीत, ओरडतात. आणि समोरचा ओरडूनही ऐकू आलं नाही की 'हां' म्हणतात. नारपोलीत 'हां'चा अर्थ 'होय' असा नाही. 'ऐकू आलं नाही, पण तुझ्याशी भांडण नाही' असा आहे. दौलतचा तर उजवा कान या खटाखटीला कधीच विकला गेला होता. 'हां' या एका शब्दावर त्याचा निम्मा संसार चालला होता.

विनिता ओट्यावर उशी घेऊन बसली होती. बापाचं काम बघत होती. फळ्या रंधून झाल्या होत्या, दोन बाजू तिरक्या जोडून झाल्या होत्या. ती उठली, हळूहळू जवळ आली, लाकडावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाली.

दौलतने तिच्या ओठांकडे बघितलं. ओठ म्हणाले, 'पाळ' आणि पुढं काहीतरी.

पाळक, दौलतने ओळखलं. पाळकांसाठी का, असं विचारतेय.

"हां!" तो ओरडला. आणि पोरीला जरा बरं वाटावं म्हणून वर जोडलं, "मग! पहिल्या दर्जाचं काम होणार! बघत राहा!"

त्याच क्षणी लाईट गेली.

त्या साली भिवंडीत लाईट अशी जायची, की आल्यावर लोक दचकायचे. एकेक लूम थांबत गेला आणि गल्लीत अशी शांतता पडली, की कुणाच्या तरी चहाच्या ग्लासात फिरणारा चमचा ऐकू यायला लागला. समोरच्या कारखान्यातून एक कारीगर बाहेर येऊन ओट्यावर बसला. "चाचा, अब कब आएगी?" त्याने विचारलं. दौलतने सवयीने सांगितलं, "तेरी शादी के बाद."

मग त्याला ऐकू आलं. विनिता रडत होती. तोंडावर ओढणी धरून, आवाज न करता. पण लूम बंद असल्यावर नारपोलीत आवाज न करता रडता येत नाही.

"काय झालं गं? कुठं दुखतंय? कमळे, अगं ए कमळे!"

"नाही पप्पा, दुखत नाही काही." तिने डोळे पुसले, आणि दौलतने बघितलं तर पोरगी हसत होती. दोन वर्षांत न हसलेलं हसू. "तुम्ही पाळणा करताय."



"आई म्हणेल, आधी करायचा नसतो. दीपेश तर विषयच काढत नाही. आणि तुम्ही सरळ अंगणात बसून सगळ्या गल्लीदेखत पाळणा करताय. बाळासाठी."

'अगं येडे, ही तर गव्हाणी, चर्चची,' हे वाक्य दौलतच्या जिभेवर आलं, दातांपर्यंत पोचलं, आणि तिथंच उभं राहिलं. आयुष्यभर त्याने लोकांना फसवण्यासाठी काय काय खटपटी केल्या होत्या. खोटे फोन, खोट्या मिश्या, एकदा तर खोटी वरात. आणि आज एवढा मोठा गेम झाला होता, तोही न करता, आणि तो आता परत कसा घ्यायचा याची काही तजवीज नव्हती.

"हां," तो म्हणाला. आणि या वेळी त्याला स्पष्ट ऐकू आलं होतं.

कमळाला ऐकू आलंच. ती दारात आली, लाकडाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि नवऱ्याला आत बोलावलं. आत म्हणजे स्वयंपाकघरात, आणि दार लोटून.

"तुम्हाला काही आहे की नाही? दोनदा पोळलोय आपण."

"अगं, पण..."

"आधी काही आणायचं नसतं, ठाऊक आहे ना?"

"आणलंय कुठं? करतोय."

"तोंड बंद!" कमळाचा आवाज चिरकला. "तिला आता आशा लावून ठेवलीत. काही झालं तर तिला कोण सावरणार? तुमचा तो बकरा?"

खरं काय ते कमळाला सांगायचं, तर कमळा पोरीला सांगणार, आणि पोरीच्या तोंडावरचं ते हसू परत दोन वर्षांसाठी गायब. दौलत गप्प बसला. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत तो पहिल्यांदाच भांडणात गप्प बसला, म्हणून कमळा आणखी घाबरली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी थेट बोलेना. ताटालाच सांगायची, "जेवायचं असेल तर जेवून घ्यावं म्हणावं."

शनिवारी दौलत पाळकांकडे गेला. गव्हाणी उद्या मांडायची होती आणि गव्हाणीचा पाळणा झाला होता. त्याने सगळी हकीकत सांगितली. पाळकसाहेब इतके हसले की त्यांचा चष्मा चहात पडला.

"पाळक म्हटलं, पाळणा झाला! दौलतराव, माझी अशी बढती आजवर झाली नव्हती."

"हसू नका साहेब. आता ती रोज त्यावर हात फिरवते. मला रात्री झोप नाही. ती गव्हाणी राहू दे विनिताकडे?"

"राहू दे की. गव्हाणीचं तेच तर काम. आधी मांडायची, बाळ मागून." चष्मा सदऱ्याला पुसत पाळक म्हणाले.

हे वाक्य ऐकून दौलतला राग आला. पाळकांना असली वाक्यं पटापट सुचतात. मॅटर्निटीच्या बाहेर बाकावर बसायला त्यांना कुठं लागतं?

"आणि नाही आलं तर?"

त्याने विचारलं आणि स्वतःच चपापला. हे वाक्य घरातल्या बंद शब्दांपेक्षाही खोल बंद करून ठेवलेलं होतं. पाळक हसायचे थांबले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी गॅरंटी कार्ड देऊ शकत नाही, दौलतराव. खोटं दिलं तर तुम्हीच पहिले ओळखाल, तुमचा तो धंदा आहे. मला एवढंच ठाऊक आहे, की प्रभू येतो म्हणाला आणि आला. राजवाड्यात नाही, जिथं कुणाची तयारी नव्हती अशा जागी आला. तुमच्या घरीही येणार. पाळणा हलला तरी येणार, न हलला तरी तुमच्या शेजारी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसणार. यापुढचं मला खरंच माहीत नाही."

"हे म्हणजे दुकानदाराने सांगावं, माल नक्की येणार, पण कुठला ते विचारू नका."

"हां," पाळक म्हणाले. नारपोलीत येऊन त्यांनाही ती सवय लागली होती.

मग उद्याच्या गव्हाणीचं काय? दौलतने आपल्या एम-एटी गाडीला किक मारली आणि वळ गाठलं, हिरामणकडे. हिरामण त्याचा जुना दोस्त. पूर्वी त्याच्या भाताच्या शेतात म्हशी बसायच्या, आता त्याच शेतावर गोडाऊन उभी होती आणि हिरामण गळ्यात चेन घालून त्यांच्याकडे बघत बसायचा.

"गव्हाणी? गव्हाणी काय रं? गव्हाण बोल ना सरळ."

"तेच ते. जुनी असली तरी चालेल."

"आता म्हशी कुठं हायत? जिथं म्हशी होत्या तिथं लोकांचे फ्रीज हायत." तरी तो मागच्या पडवीत घेऊन गेला. कोपऱ्यात लाकडी गव्हाण पडली होती, आत दोन टायर आणि एक तुटका पंखा. "याचा करशील काय पण तू?"

"देवाला ठेवायचंय."

"देवाला? यात?" हिरामणने वाकून आत बघितलं. "यात आमची चंद्री नाक घालायची रं. शेण, लाळ, काय काय आसंल. तू नेहमीसारखी मस्करी तर करत न्हाय ना?"

"न्हाय. आमच्या देवाला असल्याच जागेत ठेवलं होतं."

हिरामण दौलतच्या तोंडाकडे बघत राहिला. मस्करी सापडेना, तसा तो आणखी गोंधळला. मग त्याने टायर बाहेर काढले, पाण्याचा पाईप आणला आणि कुणालाही हात लावू न देता ती गव्हाण स्वतः धुतली. "देवाला द्याची हाय तं धुवून देतो," म्हणाला. "आधी सांगितलं आसतं तं रंग पन मारला आसता."

धुतली तरी चंद्री काही गेली नव्हती. रविवारी हॉलात पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. पाळकसाहेब मात्र खूष. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरी गव्हाणी बघतोय," म्हणाले, आणि पहिली मेणबत्ती पेटवली. आशेची.

मग प्रार्थना सुरू झाली. इथं दौलतची एक भानगड होती, जी कमळालाही ठाऊक नव्हती. विनिताची दुसरी खेप गेली तेव्हापासून त्याने प्रार्थना बंद केली होती. पण डोळे मिटून ओठ हलवले नाहीत तर बाजूचे लोक विचारतात, म्हणून तो मनात सतराचा पाढा म्हणायचा. चेहरा असा भक्तिभावाने भरून यायचा, की मागे एकदा कुणीतरी त्याला चर्चच्या पंचकमिटीत घ्यायचं सुचवलं होतं. पाढा एकदा वर, एकदा खाली म्हणून झाला की बरोबर 'आमेन' यायचं.

सतरा एके सतरा, दौलतने सुरुवात केली. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. नाकात गव्हाणीचा वास येत होता, रिकाम्या गव्हाणीचा. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पंचे पंच्याऐंशी. सतरा सक...

सतरा सक.

पुढचं येईना. दोन वर्षं दर रविवारी म्हटलेला पाढा, आणि येईना. ओठ तर हलायला हवेत. ओठ हलले आणि त्यातून जे बाहेर पडलं ते असं होतं, "येऊ दे."

कोण येऊ दे, ते त्यालाच कळलं नाही. बाळ का बाळ येशू. आणि एवढ्यात आमेन झालं, त्यामुळे दुरुस्तीही करता आली नाही. तो डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागला, पाकीट मारताना पकडलेल्या माणसासारखा.

पुढचे दिवस गव्हाणीचा पाळणा करण्यात गेले. कारण दिसायला ती अजून गव्हाणीच होती. उंच चार पाय, तिरक्या बाजू, गवताचा चुरा खाली गळावा अशा फटी. विनिता ओट्यावरून सूचना करायची. "पप्पा, पाय जरा उंच नाही झाले?" दौलत पाय कापायचा. "आता एक बाजू खाली गेली." तो दुसरी बाजू कापायचा. तिला त्यात फारच गंमत वाटत होती. पाय कापता कापता ते चपलेच्या उंचीचे झाले, तशी ती म्हणाली, "त्यापेक्षा टांगायचाच करू या, नाही?" दौलतने कपाळाचा घाम पुसला आणि उरलेले पाय उपटून काढले.

कमळाने यावर आपला उपाय केला. एका सकाळी दौलत उठून बघतो तर पाळणा कांद्यांनी भरलेला. वर गोणपाट टाकलेलं.

"हे काय?"

कमळाने पाण्याच्या तांब्याला उत्तर दिलं, "घरात कांदे ठेवायला काही नव्हतं म्हणावं. ही कांद्यांची पेटी आहे."

म्हणजे आता दौलतच्या घरी एक वस्तू होती जी चर्चच्या लेखी गव्हाणी होती, पोरीच्या लेखी पाळणा होती आणि बायकोच्या लेखी कांद्यांची पेटी. आणि करणाऱ्याला विचाराल तर त्याच्या लेखी ती गळ्यातली धोंड होती. कारण विनिता आता रोज दुपारी गोणपाट बाजूला करायची, कांद्यांवर हात ठेवून बसायची आणि पोटाशी काहीतरी बोलायची. आपण या पोरीला कशाच्या जोरावर हसवतोय? ऐकू न आलेल्या एका शब्दाच्या. उद्या काही झालं, तर ती म्हणेल, पप्पांनी पाळणा केला म्हणून मी विश्वास ठेवला. आणि पप्पांनी तर पाळणा केलाच नव्हता.

तिसऱ्या रविवारनंतरच्या एका दुपारी लाईट गेली, गल्ली शांत झाली, तेव्हा दौलत ओट्यावर तिच्या शेजारी जाऊन बसला.

"विने, एक सांगायचंय. रागावू नको. तो पाळणा... म्हणजे तू विचारलंस ना त्या दिवशी, तेव्हा मला लूमच्या आवाजात..."

"पाळक ऐकू आलं," विनिता म्हणाली.

दौलतने मान वर केली.

"ती चर्चची गव्हाणी होती. मला ठाऊक आहे पप्पा. पाळकसाहेब दुकानात सांगून गेले तेव्हा लाईट गेलेली, आणि मी खिडकीतच होते."

"मग तू पाळणा का म्हणालीस?"

"तुम्हाला लूमच्या आवाजात ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्याला हां म्हणता, हे आख्ख्या नारपोलीला ठाऊक आहे. म्हटलं, एकदा हां म्हणवून घेऊ."

"तू माझ्यावर... माझ्यावर गेम केलास?"

"तुमचीच पोरगी."

"आणि मी येड्यासारखा दोन आठवडे पाय कापतोय!"

"ते खूप मजेचं होतं," विनिता म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "रडले ते खोटं नव्हतं, पप्पा. मला ठाऊक होतं ती गव्हाणी आहे. तरी तुम्ही हां म्हणालात ना, तेव्हा खरंच वाटलं. घरात कुणीच हां म्हणत नव्हतं हो. सगळे नुसते गप्प. मला कळतं, भितात सगळे. मी काय भीत नाही? रात्री उठून पोटावर हात ठेवून बघते, हलतंय का. पण नऊ महिने नुसतं भीतच काढायचे का? कुणीतरी एकाने तर म्हणायला हवं, येणार म्हणून."

दौलतचा सगळा धंदाच तिने बुडवला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा कुणी पुरता मामा केला होता, आणि त्याला वाटत होतं, हिला असंच रोज जमू दे.

"आईला सांगून टाका आता," विनिता हळूच म्हणाली. "चर्चचं काम होतं म्हणा. ती शांत होईल. दोन आठवडे नीट जेवली नाहीये ती. मला चालेल."

तेवढ्यात कमळाच दारात आली. हातात सूप, सुपात तांदूळ. अंगणातल्या पेटीकडे बघत म्हणाली, कुणाला ते कळू न देता, "आता आणखी काय कापायचं राहिलंय?"

फार सोपं होतं. 'अगं, तो पाळणा नाहीच,' एवढं म्हटलं की संध्याकाळी गरम भाकरी, उद्यापासून बोलणं चालू, सगळं पहिल्यासारखं. विनिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. तिने त्याला मोकळं सोडलं होतं.

"पाळणा आहे तो," दौलत म्हणाला.

कमळाने सूप खाली ठेवलं.

"बाळाचा," दौलत म्हणाला.

कमळा पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलली. "काय बोलताय ते कळतंय तुम्हाला?"

"नाही," दौलत म्हणाला. खोटं बोलायची संधी समोर असताना तो खरं बोलत होता, आणि हे त्याला फारच अवघड जात होतं. "मला काही कळत नाही. मला तुझ्याइतकीच भीती वाटते. मी चर्चमध्ये प्रार्थना पण करत नव्हतो, पाढे म्हणत होतो. पण या रविवारी, त्याच्या मागल्या रविवारी, मी म्हणालोय त्याला, येऊ दे. आता म्हणालोय तर जागा करून ठेवायला नको? का आल्यावर कांद्यांवर झोपवायचं?"

शेवटचं वाक्य निसटलंच. जीभ चावून तो बसून राहिला. कमळा हसली नाही. कमळा कधी हसतच नाही त्याच्या बोलण्यावर, त्याचं त्याला दुःख नव्हतं.

ती अंगणात उतरली, पाळण्याशी जाऊन बसली. गोणपाट काढलं. पदराची खोळ केली आणि एकेक कांदा उचलून पदरात घ्यायला लागली. घाईने नाही, एकेक. एक कांदा हातातून घरंगळून मोरीपर्यंत गेला, तो तिने बघितलाही नाही. विनिताही उठायला लागली, तशी कमळा मागे न बघता ओरडली, "तू वाकू नको! बसून राहा तिथंच!"

पाळणा रिकामा झाला. कमळाने आत सालपटं उरली होती ती हाताने झाडली. मग तळहात लाकडावरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, कोपऱ्यांत बोटं घातली. एका ठिकाणी हात थांबला.

"इथं कुसळं आहेत," ती म्हणाली. "बाळाला लागतील. घासा नीट."

दौलत पॉलिशपेपर घेऊन आला आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला. घासायला लागला.

"जरा सरका तिकडं," कमळा म्हणाली. "उजेड अडतोय."